नऊ ते चार

ताईंना मी अकरा वर्षांत एकदाही चिडलेलं पाहिलं नाही, आणि त्याचाच मला राग यायचा. समोरचा माणूस तोंडाला येईल ते बोलतोय, थुंकी उडतेय, आणि या बाई शांतपणे विचारतायत, "तुम्हाला काय हवंय?" काय झालं, असं त्या कधी विचारत नसत. काय झालं विचारलं की माणूस दहा वर्षांपूर्वीपासून सुरू करतो आणि काय हवंय विचारलं की गप्प होतो, असं त्यांचं म्हणणं. खोटं नव्हतं ते. मला कुणी विचारलं असतं तर मीही गप्प झालो असतो.

आमच्या कामाला सरकारी कागदावर हातभर लांब नाव आहे, पण लोक आम्हाला समजूतवाले म्हणतात. पोलिसांच्या नंबरवर फोन आला की तिथली मुलगी तीन प्रश्न विचारते. कुणाच्या हातात हत्यार आहे का, रक्त आलंय का, लहान मूल एकटं आहे का. तिन्हीला नाही आलं की पोलिसांची गाडी निघत नाही, आमची निघते. गाणी मोठ्यानं लावणारे, दुसऱ्याच्या दारात गाडी उभी करणारे, दुकानात झोपलेला दारुडा, भिंतीवरून भांडणारे सख्खे भाऊ, हे सगळं आमच्या वाट्याला. करड्या रंगाचं जाकीट, पाण्याची बाटली, पॅड, पेन आणि दोन घडीची स्टुलं. काठी नाही, बेडी नाही, शिट्टीसुद्धा नाही. स्टुलं आमची आम्ही नेतो, कारण भांडणाऱ्याच्या खुर्चीवर बसलं की त्याला वाटतं पाहुणे आले आणि उभं राहिलं की वाटतं पोलीस आले. शिवाय ती मुद्दाम ठेंगणी असतात. खाली बघून ओरडताना थोड्या वेळानं माणसाला स्वतःचीच लाज वाटायला लागते.

मी आधी बसमध्ये कंडक्टर होतो. 'भांडणं हाताळण्याचा अनुभव' असं अर्जात लिहिलं होतं. मिटवण्याचा असं लिहिलं नव्हतं, तेव्हा खोटं बोललो असं कुणी म्हणू नये. स्वभाव तापट असल्यामुळे माझ्याकडे गाडी चालवणं, स्टुलं उचलणं आणि तोंड बंद ठेवणं ही तीन कामं होती. तिसरं सगळ्यात अवघड. ताई मला शेवटपर्यंत कंडक्टरच म्हणत राहिल्या.

त्या स्वतः आधी दातांच्या डॉक्टरांकडे काउंटरवर नावं लिहून घ्यायच्या. सतरा वर्षं. तिथं येणारा प्रत्येक माणूस एकतर घाबरलेला किंवा दुखण्यानं पिसाळलेला, त्यामुळे आमच्याकडे आल्यावर त्यांना नवीन असं काही शिकावं लागलं नाही. एकदा एक माणूस शेजाऱ्यावर कुदळ घेऊन उभा होता. फोनवर कुणी कुदळीचा उल्लेख केला नव्हता. मी गाडीकडे पळायच्या बेतात होतो, आणि ताई स्टूल उघडून त्याच्यासमोर बसल्या. "जड आहे हो ती," म्हणाल्या, "उद्या खांदा धरेल." त्यानं कुदळीकडे असं पाहिलं, की ही हातात आली कधी. मग भिंतीला टेकवून ठेवली. घरी जाताना मी म्हणालो, "ताई, डोक्यात घातली असती म्हणजे?" तर म्हणे, "मग तीन प्रश्नांपैकी दोहोंची उत्तरं बदलली असती आणि पोलीस आले असते." अशा बाई.

कामाच्या दोन रीती त्यांनी मला शिकवल्या, आणि त्या दोन्ही मी इथं सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यातूनच झालं. पहिली अशी, की माणूस द्यायला तयार झाला की मागितलंय त्यापेक्षा जरा जास्त घ्यावं. "शिवताना कापड थोडं जास्त सोडतात ना, तसं," त्या म्हणत. "आज भरात दिलेला शब्द उद्या आटतो. म्हणून आजच जरा सैल घ्यावा." दुसरी रीत ऑफिसची. एखाद्या पत्त्यावरून महिनाभर पुन्हा फोन आला नाही की ती फाइल 'मिटलं' असं लिहिलेल्या कपाटात जायची. पत्ता शांत म्हणजे काम झालं. ताईंच्या फाइली त्या कपाटात सगळ्यात जास्त होत्या, आणि साहेब नवीन माणसांना कपाट उघडून दाखवायचे.

तर ती इमारत. तीन मजली, जिन्याच्या पायऱ्यांना रबराच्या पट्ट्या, त्यातल्या निम्म्या उखडलेल्या. दुसऱ्या मजल्यावर एक सिस्टर राहायची. हॉस्पिटलात कायम रात्रपाळी. सकाळी आठला घरी यायची, नऊला झोपायची. आणि रोज अकराच्या सुमारास वरून आवाज यायचा, टक टक टक. तीनदाच. कधी कधी एक वाजता परत. सिस्टर दोनदा वर जाऊन ओरडून आली होती, वरचा माणूस दोन्ही वेळा माफी मागून मोकळा झाला होता, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टक टक टक. शेवटी तिनं फोन लावला.

आम्ही गेलो तेव्हा ती पलंगाच्या कडेवर बसून रडत होती. खिडक्यांना तिनं जाड चादरी खिळ्यांनी ठोकून अंधार केला होता. "परवा भलतंच इंजेक्शन हातात घेतलं होतं मी," म्हणाली. "पेशंटच्या आईनं विचारलं म्हणून बघितलं. मला झोप हवीय हो, बाकी काही नको. नऊ ते तीन."

वर सुतारकाका. वय ऐंशीच्या पुढे, एकटे, मुलगा दूरच्या शहरात. खोलीत एक खाट, खिडकीखाली कामाचा जुना बाक आणि त्यावर तेल लावून फडक्यात गुंडाळलेले रंधे. हातात काठी, तिच्या टोकाला लोखंडी टोपण. ठोकायची ती हीच. खोली इतकी नीटनेटकी की मी बूट दाराबाहेर काढले, जे मी कुठंच काढत नाही.

ताईंनी विचारलं, "काका, ठोकता कशासाठी?"

काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सवय आहे."

माझ्या मनात पाल चुकचुकली. ताईंच्याही चुकचुकली होती, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. पण खाली ती पोरगी रडत होती, तिच्या हातात दुसऱ्यांचे जीव होते, आणि आमच्या पुढे अजून तीन फोन पडले होते. ताईंनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. काकांशी रंध्यांबद्दल बोलल्या, त्यांच्या मुलाबद्दल बोलल्या, त्यांना हसवलं. काका विरघळले. मग ताई म्हणाल्या, "नऊ ते चार ठोकायचं नाही. जमेल?"

"चार?" काका म्हणाले. "या वयात मला ऑफिसला लावताय होय?"

हसलो सगळे. मीसुद्धा. सिस्टरनं तीन मागितले होते, ताईंनी एक तास जास्त काढला होता आणि म्हाताऱ्यानं तो हसत दिला होता. काम फत्ते. काकांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. "सुतारानं माप एकदा दिलं की दिलं," म्हणाले आणि सही केली. खाली सिस्टरनंही केली. तिच्या बाजूनं असं लिहिलं होतं, की चारनंतर काकांनी कितीही ठोकलं तरी ती ओरडणार नाही, तक्रार करणार नाही आणि वर जाणार नाही. 'वर जाणार नाही' हे ताईंनी मुद्दाम घातलं होतं. तिनं वर जाऊन ओरडल्याचं त्या माणसाला फार लागलं होतं.

मग त्या पत्त्यावरून काही आलं नाही. एक आठवडा, दोन आठवडे, तीन. साहेबांनी मीटिंगमध्ये उदाहरण म्हणून सांगितलं.

तेविसाव्या दिवशी पाण्याचं मीटर बघायला आलेल्या माणसाला शंका आली आणि दार फोडलं. त्या कामाला पोलीस गेले, आम्ही नाही. काका खाट आणि बाकाच्या मध्ये पडलेले होते. खुब्याचं हाड मोडलेलं. अर्धी दाढी केलेली, उरलेल्या अर्ध्या गालावर साबण वाळलेला. रोज दहाच्या ठोक्याला दाढी करायचे असं मुलानं सांगितलं, म्हणजे पडले आदल्या दिवशी सकाळी दहाला. गेले कधी, तर डॉक्टरांच्या कागदात लिहिलं होतं, रात्री दहा ते बारा. आमचा जबाब घ्यायला बोलावलं होतं तेव्हा तो कागद मी आणि ताईंनी दोघांनीही वाचला. शेवटची ओळ होती, की काठी उजव्या हातात होती.

मुलगा आमच्यावर रागावला नाही. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त ती सवय सांगितली. सिस्टरच्या आधी त्या खोलीत एक एकटी आजी राहायची. काका अकराला तीनदा ठोकायचे, खालून आजी झाडूच्या दांड्यानं छताला तीनदा ठोकायची. आहेस का, आहे. एवढंच. आजी गेली, सिस्टर आली, काका ठोकत राहिले. "मी म्हणायचो त्यांना, खाली आता कुणी तुमचं नाहीये," मुलगा म्हणाला. "ते म्हणायचे, कुणीतरी आहे ना."

ताई उठल्या. गाडीत बसल्या. मी वळायला इंडिकेटर दिला, तो टक टक करायला लागला, आणि त्या म्हणाल्या, "कंडक्टर, ते बंद करा." तेव्हापासून त्यांच्यासोबत असताना मी हात बाहेर काढून वळायला लागलो. दोनदा दंड झाला, मी भरला. त्यांना सांगितलं नाही.

त्यानंतर आमचं काम बिघडलं. म्हणजे फोन यायचे, आम्ही जायचो, मिटायचंही. पण ते झालं की ताई पत्ता सांगायच्या, आणि तो असायचा दोन वर्षांपूर्वी मिटलेला. 'मिटलं'च्या कपाटातून एकेक फाइल काढून त्या दार वाजवत सुटल्या होत्या. "सगळं ठीक आहे ना? काही आवाज नाही म्हणून आलो." लोक आमच्याकडे असे बघायचे, की यांना भांडण हवंय की काय. एका बाईनं तोंडावर सांगितलं, "आम्ही विसरलो होतो हो सगळं, तुम्ही आलात आणि आता पुन्हा आठवलं." मी वैतागलो. "ताई, हे मिटलेलं आहे. मिटलंय त्याच्यात काड्या कशाला घालायच्या?" त्या म्हणाल्या, "शांत आहेत एवढंच आपल्याला माहीत आहे."

एकदा भावोजींचा फोन आला. ताईंचे यजमान, फ्रिज दुरुस्त करायचे, अगदी गरीब स्वभावाचे. म्हणाले, "अहो, घरात हिनं नियम केलाय. न्हाणीघरात जो असेल त्यानं दर पाच मिनिटांनी दार आतून ठोकायचं. मुलगी कॉलेजात जाते, ती चिडते. आई ऐंशीची, ती बिचारी ठोकते. आणि आई एकदा ठोकायची विसरली तर हिनं स्क्रू खोलून दार काढलं. आई अंगाला साबण लावून उभी." मला हसू आलं आणि लगेच गेलं. भावोजी म्हणाले, "ती सारखी म्हणते, ठोकलं असेल का. कुणी काय ठोकलं असेल हो?"

मला माहीत होतं. रोज मलाही तेच विचारायच्या. काकांनी ठोकलं असेल का? दहाला पडले, बरोबर खाली सिस्टर झोपलेली, काठी हातात. सहा तास होते चार वाजायला. त्या सहा तासांत एकदा तरी ठोकलं असेल का? ताईंना ते हवं होतं. त्या म्हाताऱ्यानं शब्द मोडला असावा, जिवाच्या आकांतानं ठोकलं असावं, आणि सिस्टरला गाढ झोपेत ऐकू आलं नसावं. तसं झालं असेल तर ते नशीब. तसं झालं नसेल तर तो कागद, आणि कागदावरचं अक्षर ताईंचं. एवढ्या एका गोष्टीवर त्या बाईचं पुढचं आयुष्य अडकलं होतं.

"अहो, मरायला लागलेला माणूस कागद बघतो का?" मी म्हणायचो. "ठोकलंच असणार. वाट्टेल तसं ठोकलं असणार."

"तुम्ही ठोकलं असतं," त्या म्हणायच्या. "ते सुतार होते."

सांगू शकणारं माणूस एकच होतं, आणि तिनं दार बंद केलं होतं. सिस्टरनं जबाबात 'मी झोपले होते' एवढंच लिहून दिलं. आम्हाला फोनशिवाय कुणाच्या दारात जाता येत नाही, मिटलेल्या फाइलीपुरतंच जाता येतं, आणि ही फाइल 'मिटलं'मध्ये गेली नव्हती. ती साहेबांच्या खणात होती. तरी ताई तीनदा गेल्या. आतून पावलं ऐकू यायची, दाराजवळ येऊन थांबायची, दार उघडायचं नाही.

पाच महिने गेले. मग एका दुपारी अडीचला गाडीतल्या रेडिओवर पत्ता आला, आणि मी पॅडवर लिहिता लिहिता थांबलो. तीच इमारत, दुसरा मजला. हत्यार नाही, रक्त नाही, मूल नाही. तक्रार अशी, की वरच्या खोलीतून ठोकण्याचा आवाज येतो. रेडिओवरची मुलगी पुढे म्हणाली, "घरमालकाला विचारलं मी. तो म्हणतो, वर कुणी राहत नाही. कुलूप आहे."

 मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी जाकिटाची चेन वर ओढली. "चला," म्हणाल्या.

सिस्टरनं यावेळी दार लगेच उघडलं. खिडकीवरच्या चादरी काढलेल्या होत्या, नुसते खिळे राहिले होते. पोरगी निम्मी झाली होती. मी स्टुलं उघडली. ताई बसल्या, मी बसलो, ती पलंगावर. ताईंनी यावेळी 'काय हवंय' विचारलं नाही.

"कधी ऐकू येतं?"

"चारला," सिस्टर म्हणाली. "रोज. बरोबर चारला."

 वर खरोखर कुणी नव्हतं, आम्ही कुलूप बघून आलो होतो, तरी मी छताकडे बघत होतो. मग ती आपणहून बोलायला लागली, खाली बघत, कुणी विचारलेलं नसताना.

"त्या दिवशी मी सव्वातीनला उठले होते. चांगली झोप झाली होती, बऱ्याच दिवसांनी. एकदासुद्धा आवाज नव्हता आला. मी चहा ठेवला. आणि घड्याळात चार वाजले, म्हणजे काटा बारावर आला, आणि वरून ठोकलं. तीनदा. मग परत तीनदा. मग परत. मला वाटलं..." तिनं ओढणी तोंडाशी धरली. "मला वाटलं म्हातारा चिडवतोय. घड्याळ लावून बसला असणार, चार वाजले की ठोकून दाखवायचं, की बघ, आता मला हक्क आहे. मला हसू आलं हो. मी चहा घेत मोठ्यानं म्हणाले, ठोका काका, ठोका. आणि माझी सही होती, की वर जाणार नाही. सातला ड्यूटीला जाईपर्यंत अधूनमधून येत होतं. मग बारीक होत गेलं. मी लिफ्टसारखा काहीतरी आवाज समजून गेले. या इमारतीत लिफ्टच नाहीये."

 मी ताईंकडे बघू शकलो नाही. त्यांना हवं होतं त्याचं उत्तर आलं होतं. दहाला पडलेल्या माणसानं मोडक्या हाडानिशी काठी हातात धरून सहा तास चार वाजण्याची वाट पाहिली होती. सिस्टरनं मागितले होते तीन.

"मी नर्स आहे," सिस्टर म्हणाली. "मी जिना चढले असते तर... चारला ते जिवंत होते ना? मला खरं सांगा. मी जबाबात लिहिलं नाही. मी कुणालाच सांगितलेलं नाही. चारला गेले असते तर वाचले असते का?"

आता ताई तिला सांगणार, की चूक तुझी नाही, चूक माझी आहे, मला एवढंच वाटलं. तेही चाललं असतं. पण ताई स्टूल तिच्याजवळ सरकवून म्हणाल्या, "सिस्टर, डॉक्टरांचा कागद मी वाचलाय. काका दुपारी बाराच्या आत गेले. पडल्यावर फार वेळ नव्हते. चार वाजता वर ठोकणारं कुणी नव्हतंच."

सिस्टरनं मान वर केली. "पण मी ऐकलं."

"तुम्ही आत्ताही ऐकता ना रोज? वर कुलूप आहे. मग आत्ता कोण ठोकतंय?" ताईंचा आवाज अगदी साधा होता, दाताच्या दवाखान्यात 'पुढचा नंबर' म्हणावं तसा. "झोप न मिळालेल्या माणसाला होतं असं. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तेव्हाही तेच झालं आणि आत्ताही तेच होतंय."

"जबाब घेणारे रात्र म्हणत होते..."

"ते नुसता अंदाज सांगत असतील. मी कागद वाचलाय. यांनीही वाचलाय." आणि ताईंनी माझ्याकडे पाहिलं.

अकरा वर्षांत त्या कुणा पक्षकाराशी खोटं बोलल्या नव्हत्या. कुत्र्याच्या भांडणात नाही, मुलं पळून गेलेल्या आईबापांशी नाही, खोटं बोललं तर पाच मिनिटांत सुटलं असतं अशा ठिकाणीही नाही. मला त्यावरूनही राग यायचा. आणि आता त्या मला साक्षीला घेत होत्या. ती पोरगी माझ्याकडे बघत होती. तिनं शेकडो माणसं मरताना बघितली असतील, तिला खोटं ओळखता येत नसेल असं मला वाटत नाही. पण तिला ते खरं हवं होतं. मी मान हलवली. "हो," म्हणालो. "बाराच्या आत."

ती रडली. मनावरचं ओझं उतरल्यावर माणूस रडतो तशी, खूप वेळ. मग डोळे पुसून तिनं ताईंना विचारलं, "तुम्हीसुद्धा हेच विचारायला येत होतात ना? त्यांनी ठोकलं का ते? आता तुम्हाला बरं वाटेल. त्यांना वेळच मिळाला नाही."

"हो," ताई म्हणाल्या. "मला आता बरं वाटतंय."

कागद केला नाही. मी स्टुलं घडी करून खाली आणली. गाडीत बसलो तेव्हा साडेतीन झाले होते. माझ्या तोंडाचा ताबा सुटला. "ताई, हे काय केलंत? तिच्यापाशी बोलून तुम्ही दोघी मोकळ्या झाल्या असतात. आता हे तुम्ही एकट्या घेऊन बसणार, आणि मला पण घ्यायला लावलंत."

"दोघींपैकी एकीला तरी झोप लागू दे," त्या म्हणाल्या. मग जाकिटाची चेन खाली ओढत, "तुम्हाला लावायला नको होतं. माफ करा, कंडक्टर."

मी किल्ली फिरवायला गेलो तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "चार होऊ देत," म्हणाल्या.

थांबलो. काचा बंद, ऊन अंगावर. रेडिओवर दोनदा आमचा नंबर पुकारला, त्यांनी आवाज कमी केला. पाच मिनिटांत माझी पाठ भरून आली. दहा मिनिटांत मी तीनदा पाय हलवले. घड्याळात बघितलं, मग शंभरपर्यंत आकडे मोजले, परत बघितलं तर दोनच मिनिटं झाली होती. मला ओरडावंसं वाटत होतं, हॉर्न दाबावासा वाटत होता, दार उघडून नुसतं चालत सुटावंसं वाटत होतं, आणि माझं काहीच मोडलेलं नव्हतं. ताई सरळ बसून होत्या, दोन्ही हात मांडीवर, दुसऱ्या मजल्याच्या वरच्या बंद खिडकीकडे बघत.

चार वाजले. मी कान देऊन ऐकत होतो, लाज सोडून सांगतो. काही आलं नाही. अर्धा तास झाला होता फक्त, आणि ताईंनी माझ्याकडे वळून विचारलं, "असे बारा अर्धे तास, नाही का?"

मी हो म्हणालो आणि गाडी सुरू केली.